पेवात उतरलेला फोन

या, जरा पुढं सरकून बसा. सतरंजीच्या काठावरच्या माऊल्यांनो, तुम्हीसुद्धा या. माझा आवाज आता पहिल्यासारखा चढत नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखीही नाही. घडलेली आहे, मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ती आधी ऐकली असेल, पण उलटी ऐकली असेल. एका पोरीनं फोनवर फोटो काढला आणि त्या फोटोच्या भरवशावर तिचा सख्खा काका पेवात उतरला, अशी. आज मी ती सुलटी सांगतो.

मी गुरुपादप्पा. उदगीरच्या मोंढ्यात पस्तीस वर्षं धान्याची आडत केली. आता दुकान पोरं बघतात आणि मी सप्ताह बघतो. देवणी, निलंगा, मुखेड, देगलूर, जिथं शिवनाम सप्ताह असेल तिथल्या मठाच्या खुंटीला माझी पिशवी टांगलेली असायची. महाराजांनी पहिला चरण उचलला, मृदंगावर थाप पडली, की मला भूक कळत नाही, गुडघे कळत नाहीत. लेकरू आईच्या मांडीवर जसं निवांत होतं तसा मी कीर्तनात होतो.

गेल्या साली देवणीच्या अलीकडच्या एका गावात सप्ताह होता. व्यवस्था सगळी गुरुबसप्पाकडं. त्याचा धाकटा भाऊ संगमेश्वर, तो मृदंगावर. आई सिद्धम्मा, गावाची अव्वा, ती स्वयंपाकघरात. आणि गुरुबसप्पाची लेक सृष्टी. नांदेडला कॉलेजात शिकते, सप्ताहासाठी सुट्टी काढून आली होती.

तिच्याकडं एक काम होतं, फोटोंचं. मठात उजेड कमी. समई आणि वरचा एक पिवळा दिवा, एवढंच. फ्लॅश मारला की महाराजांची तंद्री तुटते, त्यांनी पहिल्याच दिवशी हात जोडून सांगितलं होतं, "बाई, ती वीज पाडू नको." तर ही काय करायची, फोन एका छोट्या तिपाईवर उभा करायची, अंधारातला फोटो काढायची खूण दाबायची, आणि स्वतः जाऊन बायांत बसायची. तिथून नुसता तळवा दाखवला की फोन आपोआप तीन अंक मोजून फोटो काढायचा. संगमेश्वर तिला चिडवायचा, "बघा, आमची पोरगी फोनला आशीर्वाद देऊन राहिली!" ती म्हणायची, "काका, तुम्ही हलता म्हणून तुमचाच फोटो भुतासारखा येतो. तीन-चार सेकंद तरी गप बसत जा."

अंधारात फोन हळूहळू उजेड गोळा करतो, तेवढ्या वेळात जो हलला तो पुसट होतो, हे मला तिनंच समजावून सांगितलं. मृदंग वाजवणाऱ्याचे हात कुठून स्थिर राहणार? सगळ्या फोटोत संगमेश्वरचं तोंड दिसायचं आणि हातांच्या जागी धूर.

पाचव्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला पाण्याचा टँकर मठाच्या अंगणात मागं येत होता. धाडकन आवाज झाला आणि मागचं चाक फरशीत खचलं. टँकर पुढं ओढला, तर खाली एक शिळा कलंडलेली, आणि तिच्या बाजूला काळं भोक. माणूस जेमतेम आत जाईल एवढं.

मी बघताच ओळखलं. पेव. नव्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो. पेव म्हणजे जमिनीखालची धान्याची कोठी. तोंड लहान, पोट खोलीएवढं. पूर्वी मठाची ज्वारी त्यात असायची. मग पोती आली, गोदामं आली, पेव बुजलं असं सगळ्यांना वाटलं, वर फरशी बसली.

पण घाबरण्याचं कारण वेगळं होतं. वीस पावलांवर कीर्तनाचा मांडव. संध्याकाळी तिथं चार-पाचशे माणूस बसणार, त्यात निम्म्या बाया-लेकरं. पेवाचं पोट मांडवाखाली गेलेलं असलं तर? गुरुबसप्पाचं तोंड पांढरं पडलं.

"आजचं कीर्तन बंद ठेवावं का, आप्पा?"

"पाचव्या दिवशी?" मी म्हणालो. कीर्तन बंद हा शब्दच मला सहन झाला नाही. तिथून माझी चूक सुरू होते, ध्यानात ठेवा.

संगमेश्वर कमरेला टॉवेल गुंडाळून आला. "वर बसून कशाला तर्क करून राहिलाव? उतरतो, टेप लावतो, मांडवाकडं किती फूट जातंय सांगतो. पाच मिनिटांचं काम हाय."

आता ऐका. जुन्या पेवात माणूस उतरण्याआधी दिवा उतरवतात. दोरीला टांगून, पेटता. दिवा जळत राहिला तर माणसानं जायचं, विझला तर जायचं नाही. कोंडलेल्या पेवात वाईट हवा साठते, तिला वास नाही, रंग नाही. तरुणपणी खेड्यापाड्यांतून ज्वारी विकत घ्यायला गेलो तेव्हा हे मी वीसदा पाहिलंय. त्या अंगणात हे माहीत असलेला पुरुषमाणूस मी एकटा होतो. मी तोंड उघडलंही. "दिवा सोडून बघावा का?"

एक जण लगेच म्हणाला, "आप्पा, सप्ताहात? आणि विझला म्हणजे?"

सप्ताहाच्या सात दिवसांत मठाच्या आवारात लावलेला दिवा विझू द्यायचा नाही, ही तिथली रीत. बाया रात्रभर पाळीनं तेल घालतात. दिवा विझला म्हणजे गावावर काहीतरी येतं, अशी समजूत. मीही ती मानणारा. मी गप्प बसलो.

तेवढ्यात सृष्टी म्हणाली, "दिवा कशाला? मी फोन सोडते. अंधारात फोनला आपल्यापेक्षा जास्त दिसतंय."

सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. मलाही. तिनं तिपाईला मांडवाची सुतळी बांधली, फोन बसवला, हळूहळू खाली सोडला. तळवा दाखवून चालणार नव्हतं, म्हणून तिच्या हातात बोटाएवढं एक बटन होतं, ते वर दाबलं की खाली फोटो निघायचा. तिपाई तळाला टेकली. तिनं बटन दाबलं, थांबली, फोन वर ओढला.

काय फोटो होता तो! वरून बघितलं तर विहिरीसारखा काळोख, आणि फोटोत लख्ख. लिंपलेल्या भिंती, तळाला जुना भुसा, साप नाही, पाणी नाही. फक्त मांडवाच्या बाजूचा कोपरा शिळेच्या सावलीत गेला होता.

सृष्टीनं फोन माझ्यापुढं धरला. "आप्पा, तुम्ही पेवं बघितलीत. ठीक हाय न्हाई?"

मी बघितलं. मनात दिवा होता. आणि मी म्हणालो, "ठीक हाय."

संगमेश्वर बांबूच्या शिडीवरून उतरला. जाता जाता म्हणाला, "अव्वाला सांगा चहा ठेव म्हणून. आणि सृष्टी, वरून फोटो काढ, आता हलत न्हाई बघ." लोक हसले. अर्ध्यात गेल्यावर त्याचा आवाज आला, "गरम हाय ओ लई." मग टेप उघडल्याचा आवाज. मग जरा वेळानं, "आण्णा..."

"काय रे?"

"आण्णा, माझे पाय..."

पोतं जमिनीवर ठेवावं तसा आवाज झाला. आणि काही नाही.

गुरुबसप्पानं दोन हाका मारल्या. तिसऱ्या हाकेला त्याचा पाय शिडीवर होता. भाऊ खाली पडलाय, आणखी कोण काय विचार करणार? मी त्याला धरायला हवं होतं. माझे हात उठले नाहीत. 

धरलं ते सिद्धम्मानं. सत्तरीची बाई, हाताला भाकरीचं पीठ. चुलीपासून कशी आली देव जाणे. तिनं मागून त्याच्या शर्टाची कॉलर धरली, त्याला फरशीवर पाडलं आणि त्याच्या छातीवर बसली.

"अव्वा, सोड! संगू मरंल!"

"मरंल," ती म्हणाली. "आणि तू उतरलास तर दोघं मराल. माझ्या माहेरी एकामागं एक तिघं उतरले. तिसरा माझा भाऊ. मी उतरू देणार न्हाई."

"तू आई हायस का कोण हायस?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "गुरुपादप्पा, दिवा सोडला होता का?"

मी मान खाली घातली.

"दिवा आणा," ती म्हणाली. कोणी हललं नाही. कोण हलणार, मठात पेटता दिवा एकच होता, पाच दिवस जागवलेला. तिनं चार माणसांना हाका मारून गुरुबसप्पाच्या हातापायांवर बसवलं, स्वतः गाभाऱ्यात गेली आणि तोच दिवा पदराआड धरून घेऊन आली. बादलीत ठेवला, दोरीनं सोडला. आम्ही वाकून बघत होतो. दोन हात खाली गेला असेल नसेल, ज्योत लहान झाली, निळी झाली, गेली. कोणी फुंकल्यासारखी.

बाया "शिव शिव" करून मागं सरकल्या. एकीनं रडणं काढलं.

"रडू नको," सिद्धम्मा म्हणाली. "दिवा परत लावता येतो. हवा आत घाला, हवा!"

तेव्हा आचारी लिंबाजी ओरडला, "भट्टीचा ब्लोअर हाय की!" तो आणि त्याची माणसं पळाली. ब्लोअर आला, टँकरचा जाड पाइप आला, ब्लोअरच्या तोंडाला पाइप ओल्या फडक्यानं आवळून बांधला, वायर कमी पडली, दुसरी जोडली. मी काय करत होतो? पंचाक्षरी मोजत होतो. दुसरं काही सुचेना. ॐ नमः शिवाय, एक. ॐ नमः शिवाय, दोन. शंभरावर गेलो तेव्हा ब्लोअर सुरू झाला. त्या यंत्राची घरघर अजून मला झोपेत ऐकू येते.

सृष्टी तोवर भिंतीला पाठ लावून उभी होती.  एकाएकी ती पुढं आली, सुतळी उचलली आणि फोन परत खाली सोडला.

"काय करून राहिलीस?" मी विचारलं.

"काका श्वास घ्यायलेत का बघते." ती सुतळी सोडत राहिली. "घेत असतील तर छाती हलंल. छाती हलली तर फोटो पुसट येईल."

तिपाई त्याच्या बाजूला टेकली. तिनं बटन दाबलं. चार सेकंद. बाळांनो, चार सेकंद किती लांब असतात ते मला त्या दिवशी कळलं. तिनं फोन ओढला, आम्ही दोघं बघायला लागलो.

इतका स्पष्ट फोटो मी जन्मात पाहिलेला नाही. संगमेश्वर पाठीवर पडलेला, डोळे अर्धे उघडे. कपाळावरच्या भस्माच्या तीन रेषा वेगवेगळ्या मोजता येत होत्या. शर्टाची बटनं मोजता येत होती. गळ्यातल्या इष्टलिंगाचा दोरा सुद्धा धाग्याधाग्यानं दिसत होता. कुठं पुसट नाही. तिळाएवढं नाही.

"आप्पा," ती म्हणाली, "हलले न्हाईत."

मी तिचं डोकं छातीशी धरलं. तिनं मला ढकललं, फोन परत सोडला.

या वेळी खालून थंड वारा वर येत होता, भुसा उडत होता. दुसऱ्या फोटोत त्याच्या टॉवेलचं टोक पुसट होतं. लिंबाजी ओरडला, "हललं! जित्ता हाय!" अंगणात एकच गलका झाला, "हर हर महादेव!" गुरुबसप्पानं चार माणसं उधळून लावली. पण सृष्टी मान हलवत होती.

"न्हाई ओ मामा. ब्लोअरचा वारा हाय तो. टॉवेल हललाय. काका न्हाई."

परत शांतता.  आधी आशा नव्हती त्यापेक्षा ही वाईट.

सिद्धम्मानं दिवा पेटवून परत सोडला. या वेळी निम्म्यापर्यंत जळला, मग गेला. गुरुबसप्पा आईच्या पायाला धरून बसला होता. "अव्वा, निम्म्यापर्यंत जळलाय. जाऊ दे. पाया पडतो." ती म्हणाली, "संगू निम्म्यात न्हाई. तळाला हाय." तिच्या गालावरून पाणी वाहत होतं, आणि आवाज दगडासारखा. बाया एकमेकींत कुजबुजल्या, काय काळजाची बाई म्हणावी. मी ऐकलं. तिनंही ऐकलं असेल.

तिसरा फोटो. सृष्टीनं तो माझ्या हातात दिला, तिला बघवत नव्हतं. "तुम्ही बघा."

माझी नजर अधू. तोंड स्पष्ट. भस्म स्पष्ट. बटनं स्पष्ट. मी खाली खाली बघत गेलो. उजवा हात भुशावर पडलेला होता. त्याची बोटं नीट दिसेनात. मला वाटलं माझ्या डोळ्यांतलं पाणी आहे. मी डोळे पुसले. तरी दिसेनात. चार बोटांची सात-आठ झाली होती, एकावर एक उमटलेली, धुरासारखी.

"पोरी," मी म्हणालो, "बोटं वाऱ्यानं हलतात का?"

तिनं फोन हिसकावून घेतला.

त्याच वेळी तिसऱ्यांदा सोडलेला दिवा तळाला टेकला आणि जळत राहिला. खालून पिवळा उजेड वर आला. सिद्धम्मानं बोटावर मोजलं, दहापर्यंत, मग परत दहापर्यंत. मग गुरुबसप्पाच्या कमरेला स्वतः दोर बांधला. गाठ दोनदा ओढून बघितली. "जा," ती म्हणाली. आणि तो दिसेनासा झाल्यावर तिथंच खाली बसली, तिला उठता येईना.

संगमेश्वरला वर काढला तेव्हा ओठ जांभळे होते. जीपमध्ये घातला, उदगीरला नेला, तिथं नळी लावली, तिथून लातूरला. दोन रात्री आम्ही दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून काढल्या. डॉक्टर म्हणायचे, जीव आहे, पण मेंदूला किती वेळ हवा मिळाली नाही ते सांगता येत नाही. उठला तर कोण म्हणून उठेल, तेही सांगता येत नाही. ती भीती पेवापेक्षा खोल होती. महाराज सप्ताहातून वेळ काढून भेटायला आले. शाळेच्या पटांगणात कीर्तन चालू ठेवलंय, म्हणाले, आणि रोज शेवटी सगळे याच्यासाठी नाम घेतात. मृदंगावर कोणाला बसवलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं डोळे उघडले. आईकडं बघितलं, भावाकडं बघितलं. जीभ जड होती. म्हणाला, "सात फूट. मांडवाखाली... जात न्हाई." सिद्धम्मा हसली आणि तिथंच तिचा बांध फुटला.

तो आज बरा आहे. शेत करतो, मृदंग वाजवतो, जलद लयीत हात थोडा मागं राहतो इतकंच.

पण गावं काय म्हणतात? "पोरीच्या फोटोनं घात केला असता." "शिकलेल्या पोरी, दिव्यापेक्षा फोन मोठा वाटतो." तिच्या सोयरिकीची बोलणी चालू होती, तिथपर्यंत हे पोचलं आणि बोलणी थांबली. सृष्टी नांदेडला गेली ती दिवाळीला आली नाही, उन्हाळ्यात आली नाही. काकानं व्हिडिओ कॉल केला तर ती उचलते, पण पडद्याकडं बघत नाही. तिला काकाचा तो पहिला फोटो दिसतो, ज्यात काहीच हललेलं नव्हतं.

मागच्या महिन्यात मी नांदेडला गेलो. तिच्या वसतिगृहाबाहेर बाकावर बसलो. ती आली, पाया पडली, माझ्यासाठी चहा घेऊन आली. मी म्हणालो, "पोरी, तू मला विचारलं होतंस. मी ठीक हाय म्हणालो होतो. हे तू कोणाला सांगितलं का न्हाईस?"

तिनं कप माझ्याकडं सरकवला. मग म्हणाली, "सांगून काय करू, आप्पा? तुम्हाला कोणत्याच सप्ताहात बसू दिलं नसतं लोकांनी. तुम्ही कीर्तनाबिगर जगला असता का?"

मी कप तसाच खाली ठेवला.

विसाव्या वर्षाच्या लेकरानं माझ्या सुखासाठी सगळा दोष स्वतःवर घेतला आणि वर्षभर तोंड उघडलं नाही. आणि मी वर्षभर कीर्तनात डोळे मिटून डोलत होतो. म्हणून आता मी जिथं जातो तिथं, कीर्तन सुरू होण्याआधी, हे सांगतो. त्यानंतर मला बसू द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

एवढंच हात जोडून मागतो. पूजेला बसाल, इष्टलिंग तळहातावर घ्याल, तेव्हा आपल्या लेकीबाळींच्या बरोबर या पोरीचंही नाव घ्या. सृष्टी तिचं नाव, गुरुबसप्पाची लेक, नांदेडला असते. तिला झोप लागावी म्हणून मागा. आणि कोणी तिची गोष्ट उलटी सांगू लागलं तर त्याला थांबवा आणि माझं नाव सांगा.